पातळी

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर हळूहळू फिरत असतात. पेपर वाचताना, चहाची वाट बघताना, रात्री झोप लागत नसताना. बोटांत काही नसतं. परवा नात कितीतरी वेळ माझ्या हाताकडे बघत बसली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही काय मोजताय?” मी हात थांबवला. तिला काय सांगावं ते चटकन सुचेना. पस्तीस वर्षं या दोन बोटांत मी तेलाचा थेंब धरून पाहिला. नोकरी संपली, थेंब गेला. बोटांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

गियरबॉक्समधलं तेल कसं आहे हे कळायचं तर त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल येतो. त्यात लोखंड किती, तांबं किती, पाणी किती, सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. ते हवंच. पण त्याच्या आधी थेंब बोटावर घ्यायचा असतो. उजेडाकडे धरून रंग बघायचा. दोन बोटांत चोळायचा. गुळगुळीत लागला तर बरं. बारीक खर लागली तर आत कुठेतरी धातू सुटायला लागलाय. मग नाकाशी न्यायचा. नव्या गियर तेलाला गंधकाचा हलका उग्र वास असतो. तापून तापून थकलेल्या तेलाचा वास करपलेल्या फोडणीच्या जवळ जातो. आणि पाणी शिरलं असेल तर वास घ्यायचीही गरज नसते, तेल ताकासारखं पांढुरकं दिसतं.

आमच्या भागात बोटांनी ओळखायची ही रीत जुनी. गिरणीतून पिठाचा डबा उचलण्याआधी बाई चिमूटभर पीठ चोळून बघते. शेतकरी वाफशाची माती मुठीत दाबून बघतो. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी वळतो आणि तेवढ्यावरून चुलवाण थांबवायला सांगतो. त्या गोळीवर अख्ख्या आधणाचा गूळ ठरतो. मला थेंब चोळायला शिकवलं ते आमच्या कारखान्यातल्या ऑईलमन मामांनी. त्यांच्याविषयी पुढे सांगेनच. पण त्यांच्याही आधी माझ्या आयुष्यात वंगण आलं ते आज्ज्याच्या बैलगाडीतून.

आमचं मूळ गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. आज्ज्याची गाडी लाकडी चाकांची, लोखंडी धावेची. गाडीच्या पोटाखाली बांबूची एक नळी टांगलेली असे. तिच्यात वंगण. एरंडेलात जळक्या चिंध्यांची राख कालवून केलेलं, काळंभोर, हाताला लागलं तर दोन दिवस न जाणारं. लांबच्या खेपेला निघायच्या आधी आज्जा आसाच्या टोकाची कुणी काढायचा, चाक वीतभर बाहेर ओढायचा, काडीला गुंडाळलेली चिंधी नळीत बुडवून आसावरून गोल फिरवायचा, चाक परत आत ढकलायचा आणि कुणी ठोकायचा. नळी धरून उभं राहायचं काम माझं. एकदा मी विचारलं, चाक तर वाजत नाही, मग कशाला? आज्जा म्हणाला, “चाक वरडल्यावर तेल घालतोय त्यो कसला गाडीवान?”

तेव्हा ते मला नुसतं एक वाक्य वाटलं. आज वाटतं, वंगणाविषयी पुढे जे जे शिकलो ते त्या एका वाक्याखालीच लिहीत गेलो.

आषाढात बेंदूर यायचा. त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू बसून बैलांच्या खांद्यांवर घट्टे पडलेले असत, त्यांवर हळद आणि लोणी चोळायचं. आज्जा ते सावकाश चोळत बसायचा. बैल मान खाली घालून उभे असत, डोळे अर्धे मिटलेले. जू बाजूला ठेवलेलं, गाडी सोडलेली, पाऊस सुरू झालेला. काम थांबलेलं असताना केलेली ती निगा होती. खांदा सोलवटल्यावर लोणी लावून उपयोग नसतो, हे बैलाला कळत होतं का माहीत नाही. आज्ज्याला पक्कं माहीत होतं.

दातेरी चाकांची आमच्या मुलखाची पहिली ओळख बहुधा गुऱ्हाळातलीच. जुना चरक लाकडी असायचा. बाभळीच्या उभ्या लाटा, त्यांच्या वरच्या अंगाला कोरलेले दाते एकमेकांत अडकलेले. एकीला नवरा म्हणत, दुसरीला नवरी. बैल गोल फिरत, नवरा फिरला की नवरी फिरे, मधून ऊस जाई. लाकडावर लाकूड घासून जो आवाज निघे तो शिवारभर ऐकू जाई म्हणतात. मग लोखंडी चरक आले. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना हलवला, आणि लोखंडी नांगरांबरोबर तिथून उसाचे चरकही शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊ लागले. इकडे सातारा रोडला १९२२ मध्ये धनजीशा कूपरांनी कारखाना घातला. मिरज-पुणे गाडीत बसलं की अजूनही या गोष्टी स्टेशनांच्या नावांनी ओळीत भेटतात: किर्लोस्करवाडी, ताकारी, शेणोली, कराड, मसूर, रहिमतपूर, कोरेगाव, सातारा रोड. आणि महामार्गानं गेलात तर साखर कारखान्यांची धुराडी. आतल्या बाजूला साखराळे आणि रेठरे बुद्रुक, पुढे यशवंतनगर, शेंद्रे, भुईंज. प्रत्येक धुराड्याखाली एक मिल हाऊस असतं, आणि त्या मिल हाऊसमध्ये बाभळीच्या त्या नवरा-नवरीची पोलादी नातवंडं फिरत असतात.

मी शिकाऊ म्हणून ज्या मिल हाऊसमध्ये पहिल्यांदा शिरलो ते कृष्णाकाठच्या एका कारखान्याचं. आवाजानं छाती भरून येई. एका टोकाला वाफेवरचं टर्बाईन, मिनिटाला काही हजार फेरे घेणारं, इतकं वेगवान की ते फिरतंय हे डोळ्यांना दिसतच नाही. दुसऱ्या टोकाला मिलचा रोलर, मिनिटाला चार-पाच फेरे, म्हातारा बैल गुऱ्हाळाभोवती फिरावा तितका संथ. मध्ये गियरबॉक्स. हजारांतून चार करून द्यायचे हे त्याचं काम. वेग कमी होतो तशी ताकद वाढत जाते, आणि ती सगळी ताकद एका वेळी दोन-तीन दातांच्या अंगावरून जाते. चाकाचे दात म्हणजे नखाएवढ्या रेषेवर टनावारी भार झेलणाऱ्या पायऱ्या. दीडशे दिवसांचा हंगाम म्हटला तर ३६०० तास, दिवसरात्र, हा भार एका दातावरून दुसऱ्या दातावर जात राहतो. दोन दातांच्या मध्ये असतं ते फक्त तेल.

आणि किती तेल? हे कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. दात दाताला भिडतो त्या जागी तेलाचा जो पापुद्रा उरतो त्याची जाडी बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. केसाला उभे सत्तर छेद द्यावेत आणि त्यातला एक पापुद्रा उचलावा, तेवढ्यावर अख्खी मिल उभी. त्या चिमटीत सापडल्यावर तेलावर इतका दाब येतो की क्षणभर ते तेल राहतच नाही, घट्ट होऊन जवळजवळ घनरूप होतं, भार पेलतं, आणि दात सुटले की पुन्हा वाहायला लागतं. सेकंदाचा एक बारीकसा तुकडा. मग पुढचा दात.

तेल भार उचलतं, हे माणसाला कळलं तेही योगायोगानं. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरायला लागला तसं तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं. त्यांनी बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी दाबमापक बसवला तेव्हा कळलं की आतल्या तेलाचा दाब वरच्या भाराच्या सरासरीपेक्षाही जास्त आहे. फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मध्ये पाचरीसारखा थर घालतो आणि भार त्यावर तरंगतो. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. हे वाचलं तेव्हा मला आज्ज्याची चिंधी आठवली. त्यानं आसावर फिरवलेलं ते काळं वंगण, आणि त्यावर तरंगत कराडच्या बाजाराला गेलेली उसाची, गुळाची, माणसांची ओझी.

ऑईलमन मामा वाळव्याच्या बाजूचे. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे, चीफ इंजिनियरसुद्धा. पाळी सुरू झाली की ते एका ठरलेल्या वाटेनं निघत. एका हातात लांब चोचीचा ऑईल कॅन, खांद्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं. स्टोअरमधून सुताचा गुंता मिळे, पण ते तो गियरबॉक्सजवळ आणू देत नसत. त्याचे धागे सुटतात, आत जातात, तेलाच्या वाटा बुजवतात. फडकं धोतराचं, मऊ झालेलं, रोज घरून धुऊन आणलेलं. प्रत्येक गियरबॉक्सशी थांबत. उलटा तळवा अंगावर ठेवत. हाताचा पंजा राबून जाड झालेला असतो, त्याला ऊन नीट कळत नाही. उलटी बाजू खोटं सांगत नाही, असं ते म्हणत. मग मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. त्या गदारोळात त्यांना एका बेअरिंगचा सूर वेगळा काढता येई. मी कान लावला की मला नुसती घरघर ऐकू येई. “सायेब, रोज ऐका,” ते म्हणत. “बरं असल्यालं रोज ऐकलं तरच बिघडल्यालं कळतंय.”

माझ्या हातून चूक झाली ती दुसऱ्याच हंगामात. रात्रपाळी होती, मामा रजेवर. फेरी मारताना एका गियरबॉक्सच्या काचेत तेल खाली दिसलं. मला वाटलं, कमी झालंय. मी डबा आणून भरलं, अगदी वरच्या रेषेपर्यंत, थोडं वरही. काम चोख केल्याचं समाधान घेऊन पुढे गेलो. पहाटे चारला हात लावला तर चटका बसला. झाकणावरच्या श्वासनळीतून फेस बाहेर येत होता. मिल थांबवावी लागली.

झालं होतं असं. यंत्र चालू असताना तेल जागेवर नसतंच. चाकं ते उचलून वर उडवत असतात, भिंतींवर ते ओघळत असतं, बेअरिंगांत भरलेलं असतं. म्हणून काचेत कमी दिसतं. ते खरं कमी नसतं. मी वरून ओतलं आणि चाकं तेलात गरजेपेक्षा खोल बुडाली. मग त्यांना तेल घुसळत बसावं लागलं. घुसळलं की हवा मिसळते, फेस होतो, उष्णता वाढते, तेल पातळ पडतं, आणि पापुद्रा फाटतो. डब्यावर २२०, ३२०, ४६० असे जे आकडे असतात ते ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे ते सांगतात. तापल्यावर तो दाटपणा झपाट्यानं उतरतो. शिवाय जाणती माणसं एक ठोकताळा धरतात, तेल कायम दहा अंश जास्त तापत राहिलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं. कमी तेलानं जे नुकसान होतं तेच जास्त तेलानंही होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या रात्री ते हाताला भाजून कळलं.

पाच तास मिल बंद राहिली. मी बाहेर आलो. काट्यापुढे गाड्यांची रांग गेटच्या बाहेर गेली होती. डिसेंबरची थंडी. बीडकडची ऊसतोड करणारी माणसं गाड्यांखाली पाचट पेटवून बसली होती. एका बाईच्या मांडीवर पोर झोपलेलं, तिच्या लुगड्याचा अर्धा पदर त्याच्यावर. तोडलेला ऊस नुसता उभा राहिला तरी वाळतो, वजन घटतं. तिनं मला विचारलं, “दादा, कवा चालू हुईल?” मला उत्तर देता आलं नाही. लिटर-दोन लिटर जास्तीचं तेल इतक्या लांब जाऊन कुणाच्या अंगावर पडतं, ते मी तिथे पाहिलं. आजही गियरबॉक्सच्या काचेकडे बघताना मला ती रांग आधी दिसते.

दुसऱ्या दिवशी मामा आले. रागावले नाहीत. मिल दुरुस्त होऊन चालू झाली होती. पुढच्या सफाईच्या थांब्याला त्यांनी मला बोलावलं, अर्धा तास नुसतं उभं केलं, आणि मग काच दाखवली. सगळीकडे उडालेलं तेल खाली येऊन स्थिर झालं होतं. “आता बघा,” ते म्हणाले. “थांबल्याबिगर पातळी कळत न्हाई.”

साखर कारखान्याला थांबण्याचं शहाणपण ऋतूंनीच दिलेलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये ऊस संपतो, भोंगा शेवटचा वाजतो, आणि मिल हाऊसमध्ये जी शांतता पसरते ती पहिले चार दिवस कानांना टोचते. मग ऑफ सीझन. बाहेरच्या लोकांना वाटतं कारखाना बंद आहे. आमच्यासाठी खरं काम तेव्हा सुरू होई. तेल काढायचं ते यंत्र थांबल्या थांबल्या, कोमट असताना. थंड झालं की सगळा गाळ तळाशी बसतो आणि वरचं तेल तेवढं बाहेर येतं. तळाच्या बुचाला लोहचुंबक असतं. ते बाहेर काढणं म्हणजे गेल्या हंगामाची वही उघडणं. त्यावर काजळासारखा मऊ लेप असला तर झीज नेहमीची. चमकणाऱ्या चकत्या, कपच्या दिसल्या तर कुठल्या तरी दाताचं वरचं कातडं निघायला लागलंय. मग झाकण उचलायचं, एकेक दात फडक्यानं पुसून बॅटरीच्या उजेडात बघायचा. देवीच्या व्रणांसारखे खड्डे, ओरखडे, कडेलाच पडलेली चमक. दातावर भार कुठे बसला, चाकं सरळ रेषेत होती की नाही, तेल पुरलं की नाही, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

बारीकसारीक गोष्टी इतक्या की त्या सांगताना लोकांना कंटाळा येतो आणि मला त्यातच गोडी वाटते. झाकणावरची ती श्वासनळी. गियरबॉक्स तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते, निवला की बाहेरची हवा आत ओढली जाते. त्याचा श्वासच तो. बगॅसच्या धुळीनं नळी बुजली की आत कोंडलेला दाब तेलाच्या सीलमधून वाट काढतो, आणि लोक सील बदलत बसतात. तेलाचे पिंप पावसात उभे ठेवले की वरच्या खोलगट झाकणावर पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, रात्री निवतं, आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी थेंबाथेंबानं आत ओढलं जातं. न उघडलेल्या पिंपात पाणी कसं, म्हणून मग सगळे आश्चर्य करतात. पिंप छपराखाली हवं. तशी जागा नसेल तर आडवं ठेवावं, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं, म्हणजे आतलं तेल बुचांना टेकलेलं राहतं. वर्म गियरचं चाक कांशाचं असतं, त्याला पोलादाच्या दातांचं जहाल तेल सोसेलच असं नाही, त्याचं तेल वेगळं. एका जातीचं तेल दुसऱ्यात मिसळायचं नाही. नव्या गियरबॉक्सचं पहिलं तेल काही शे तासांतच बदलायचं, कारण दात एकमेकांशी जुळवून घेताना जो चुरा सांडतात तो त्यात असतो. यातली एकही गोष्ट अवघड नाही. प्रत्येक गोष्ट कुणीतरी आठवणीनं करावी लागते, एवढंच.

नवरात्र येई तोवर सगळं परत जोडून झालेलं असे. रोलरचं पूजन होई. खंडेनवमीला पाने, कानशी, ऑईल कॅन हळदकुंकू लेऊन ओळीनं बसत. गियरबॉक्सला झेंडूची माळ. मग एके दिवशी गव्हाणीत मोळी पडे. पहिला रस निघाला की सगळे गव्हाणीकडे धावत. मामा मात्र गियरबॉक्सपाशी उभे असत, उलटा तळवा टेकवून.

आपल्याकडे झिजण्याला मोठा मान आहे. माणूस चंदनासारखा झिजला, असं आपण हात जोडून म्हणतो. यंत्रांच्या बाबतीत आमची सगळी विद्या झीज टाळण्याची, आणि ती टाळता टाळता मामा मात्र झिजत गेले. निवृत्त झाले तेव्हा त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. तीस-बत्तीस हंगाम त्या आवाजात गेले होते, कानांत कापसाच्या बोळ्यापलीकडे काही नसताना. ज्या माणसानं हजार आवाजांतून एका बेअरिंगची कुरकुर वेगळी काढली, त्याच्याशी शेवटी शेवटी पाटीवर लिहून बोलावं लागे. आम्ही दर पाळीला गियरबॉक्सची पातळी वहीत लिहीत होतो. मामांच्या कानांची पातळी पाहावी असं माझ्यासकट एकाही शिकलेल्या माणसाच्या मनात आलं नाही. चाक ओरडतं तरी. मामा कधी ओरडले नाहीत. त्यांच्या घरी भेटायला गेलो की ते माझा हात हातात घेऊन उलट्या तळव्यानं चाचपत, ताप आहे का बघावं तसं.

सांगलीत येऊन राहिलो आणि पातळी हा शब्द मला नव्यानं भेटला. पावसाळ्यात इथे माणसं भेटली की पहिला प्रश्न, “आयर्विनला किती?” १९२९ चा हा पूल आमच्या गावाची गेजपट्टीच आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कोयनेचे सहा वक्री दरवाजे किती उचलले, कराडला पाणी कधी पोचलं, इथे कधी येईल, याचा हिशेब घराघरांत चालतो. ते दरवाजे उचलणारी यंत्रंही दातेरी चाकांवरच चालतात, आणि त्यांना पावसाआधी वंगण घालून, एकदा हलवून बघणारे हात धरणावर असतात, हे मला नेहमी आठवतं. हवामानाच्या बातमीत ते हात दिसत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर गावभागातल्या एका ओळखीच्या माणसानं बोलावलं. त्यानं नुकताच शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा टाकला होता, मोटरवर चालणारा, खाली गियरबॉक्स. घाणा आठवडाभर पाण्यात होता. मोटर त्यानं वाइंडिंगला दिली होती. गियरबॉक्सकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, ह्याला काय नाही ना? बंद डबाच आहे.” मी खालचं बूच सैल केलं. आधी नितळ पाणी आलं, कितीतरी वेळ. पाणी जड, ते तळाला बसतं. मग पांढरट लोण्यासारखं काहीतरी. मग शेवटी तेल. तो बघतच राहिला. दुसऱ्यांसाठी तेल काढणाऱ्या यंत्राच्या पोटात कृष्णामाई बसून होती.

आम्ही तो उघडला, पातळ तेलानं तीनदा धुतला, बेअरिंग आणि सील नवी घातली, दात पुसून पुसून गंज काढला. काढलेलं तेल गटारात सोडू दिलं नाही, डब्यात भरून जळकं तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे पाठवलं. नवं तेल काचेच्या मध्यापर्यंत भरलं. घाणा फिरला आणि शेंगदाण्याचा वास गाळानं माखलेल्या त्या गल्लीत पसरला तेव्हा शेजारची दोन-चार माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. मी काच बघत होतो. मग म्हणालो, “आता बंद कर. अर्ध्या तासानं परत बघू.”

नातीला मी अखेर सांगितलं ते असं. म्हटलं, मोजत नाही, बघतोय. कसं आहे ते बघतोय. तिला ते पुरेसं वाटलं नसावं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन पुलावर गेलो. जूनचा पहिला आठवडा, आभाळ नुकतं भरायला लागलेलं. कठड्याशी गर्दी नव्हती, पोलीस नव्हते, कॅमेरे नव्हते. खाली नदी संथ, काठाला एक माणूस म्हैस धूत होता. खांबावरचे आकडे मी तिला वाचायला लावले. ती म्हणाली, “पण आजोबा, आत्ता तर पाणीच नाही. आत्ता कशाला बघायचं?” मला आज्ज्याच्या हातातली कुणी आठवली, मामांचा उलटा तळवा आठवला. तिला मी तेवढंच सांगितलं की बघायचं ते आत्ताच. तुम्हीही बघा; घरातल्या माणसांचं बघा, काही दुखत नाही म्हणून गप्प असलेल्यांचं आधी.

घरी येऊन तिनं वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं: आयर्विन पूल, सकाळी सात, बारा फूट.